मुठीत येईल तेवढंच

खाऱ्या पाण्याच्या टाकीत शेवाळ दिसलं की माणूस आधी बाटली शोधतो. पुण्यात ही टाकी पाळणारे ओळखीचे लोक फोन करतात तेही ‘काय टाकू?’ असंच विचारतात. मी उलट विचारतो, रंग कोणता आणि बोटानं ओढलं तर निघतं कसं? कारण शेवाळ म्हणून आपण ज्याच्या नावानं बोटं मोडतो, त्यात निरनिराळे जीव असतात. नव्या टाकीत काचेवर, वाळूवर बसते ती तपकिरी भुकटी डायटमची. पाण्यातली सिलिका संपली की ती आपली आपण जाते. लालसर, सायीसारखी थरानं सुटते ती सायनोबॅक्टेरिया. ती खरं तर शेवाळच नव्हे.

खरा त्रास हिरव्या तंतूंचा. दगडाला एकदा धरले की वाढतच जातात. माझ्याकडे क्लाउनफिश आहेत, प्रवाळ नाहीत. आपल्याकडे दगडी प्रवाळ 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, आणि त्यांना हात न लावलेलाच बरा. पण त्यामुळे दगड मोकळे राहतात, आणि मोकळा दगड हे तंतूंना आमंत्रणच.

त्यांचं खाणं म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट. ते येतं माशांच्या खाण्यातून, विष्ठेतून, जुन्या दगडात मुरलेल्या साठ्यातून, आणि पाण्यातून. स्वयंपाकघरातलं आरओ इथे पुष्कळदा चालत नाही, कारण चवीसाठी त्यात थोडं मूळ पाणी परत मिसळण्याची सोय असते. टीडीएस मीटर शून्य दाखवेल असं पाणी हवं, म्हणजे आरओच्या पुढे डीआय रेझिनचा टप्पा आलाच. बाष्पीभवनानं घटलेलं पाणी भरतानाही तेच. मीठ उडत नाही, आणि नळाच्या पाण्यातलं जे आत गेलं ते आतच साठत राहतं.

टेस्ट किटवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. दगड हिरवेगार आणि फॉस्फेट शून्य, असं हमखास दिसतं. ते शून्य नसतं, शेवाळानं आधीच गिळलेलं असतं. आणि खरोखरच शून्यावर आणलं, तर डायनोफ्लॅजेलेट येण्याची भीती: बुडबुडे अडकलेला तपकिरी चिकट पदर, रात्री विरळ होणारा आणि दिवे लागले की पुन्हा दाट होणारा. त्यातल्या काही जाती विषारी, खाणाऱ्या गोगलगायी मरतात. त्यापेक्षा हिरवे तंतू परवडले. मी नायट्रेट 5 ते 10 पीपीएम आणि फॉस्फेट 0.1च्या आत, पण मोजता येईल इतकं ठेवतो.

गोगलगायींचं कौतुक फार होतं. ट्रोकस चांगली, पडली तर स्वतः सुलटी होते. अ‍ॅस्ट्रियाला बहुधा आपल्यालाच उठवावं लागतं. पण लांब तंतू त्या सहसा खात नाहीत, कोवळे कुरतडतात. शिवाय खाल्लेलं विष्ठेतून पुन्हा पाण्यातच. हिशेबातून वजा होतं ते फक्त बाहेर काढलेलं. म्हणून मी पाणी बदलताना एका हातानं तंतू उपटतो आणि दुसऱ्या हातातल्या नळीनं ते तिथल्या तिथे ओढून घेतो. सुटा तुकडा दुसऱ्या दगडावर जाऊन बसतो.

आणि शेवाळाला खाली संपमध्ये, म्हणजे मुख्य टाकीखालच्या दुसऱ्या टाकीत, जागा नेमून दिली आहे. तिथे कीटोमॉर्फाचा गुंता रात्रीच्या दिव्याखाली वाढतो. वर अंधार असताना खाली प्रकाश, त्यामुळे रात्री पीएचही फार घसरत नाही. शेवाळाकडूनच पाणी साफ करून घ्यायची कल्पना जुनी आहे. स्मिथसोनियन संस्थेतल्या वॉल्टर अ‍ॅडी यांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला अशा यंत्रणेचं पेटंट घेतलं. त्यांचं शेवाळ जाळीवर वाढून खरवडलं जायचं, माझं नुसतं पाण्यात फिरतं. रविवारी त्यातला मूठ-दोन मूठ गुंता पिळून काढतो. थोडा नवी टाकी मांडणाऱ्या कुणाला देतो. उरलेला कढीपत्त्याच्या कुंडीत टाकावा असं फार वाटतं, पण बायको मिठामुळे टाकू देत नाही, आणि तिचं बरोबर आहे.