केस गळतात दिवाळीत, कारण असतं श्रावणात

लेकराचे केस गळू लागले की खान्देशात पहिला आळ पाण्यावर येतो. "बोरिंगनं पानी खारं शे, केस गयतीनच," असं म्हणत आजी तेल बदलते. फरक पडला नाही की चकोट. धुळ्यात पांझरेकाठी एकवीरा देवीला लेकरांचं जाऊळ उतरवतात. ती श्रद्धा मला प्रिय आहे. पण वस्तऱ्याने केस दाट होत नाहीत. तो कातडीवरचा केस कापतो, मुळाला त्याचा पत्ताही लागत नाही.

२०२४च्या डिसेंबरअखेर शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड या गावांत माणसांना अचानक टक्कल पडू लागलं. त्यात मुलंही होती. तिथेही संशय आधी पाण्यावरच गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं.

माझ्या भाचीचे केस दिवाळीच्या तोंडावर मुठीमुठीने येऊ लागले. बहिणीने नव्या शाम्पूला दोष दिला. डॉक्टरांनी मात्र डोकं बघण्याआधी विचारलं, "पावसाळ्यात मोठा ताप येऊन गेला का?" श्रावणात टायफॉईड झाला होता. त्यांनी गळलेला एक केस उजेडात धरला. मुळाच्या टोकाला खसखशीहून बारीक पांढरी गाठ होती. मोठ्या आजारात शरीर केस वाढवणं थांबवतं. बरेच केस एकदमच विश्रांती घेतात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. मुळं शाबूत असतात, म्हणून ते परत येतात. टायफॉईड असो की डेंग्यू, ताप विसरल्यावर ही गळती सुरू होते, म्हणूनच आई चुकीच्या जागी कारण शोधत बसते.

सगळीच गळती अशी उशिराची नसते. डोक्यात कोंड्यासारखे पापुद्रे, तुटक्या केसांचे काळे ठिपके आणि खाज असेल तर तो नायटा. एकाच फणीतून, टोपीतून तो भावंडांत फिरतो. नुसत्या मलमाने जात नाही. औषध काही आठवडे पोटातून घ्यावं लागतं. दुकानातून आणलेलं स्टिरॉइडचं मलम तर त्याला पोसतं. शाळेसाठी रोज करकचून घातलेल्या दोन वेण्यांनी कानशिलांजवळचे केस विरळ होतात. चाईचा गुळगुळीत गोल चट्टा कुणालाही लागत नाही. अशा पोराला वेगळ्या बाकावर बसवणं मला क्रूरपणा वाटतो.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती सातपुड्याच्या पायथ्याची. चोपडा, यावल, शिरपूरच्या पाड्यांवर, तसंच साक्रीकडेही, एखाद्या लेकराचे केस भुरकट, तांबूस दिसतात, हलक्या हाताने निघून येतात. उन्हाने झाले म्हणून ते सोडून देऊ नये. पायावर सूज असेल, पोर किरकिरं, मलूल असेल तर प्रथिनांचा तुटवडा आहे. कधी एकाच केसावर फिका-गडद पट्टा उमटतो. गडद भाग बऱ्या खाण्याच्या दिवसांत वाढलेला, फिका उपाशी दिवसांत. आईबाप ऊसतोडीला जातात तेव्हा पोरही सोबत जातं आणि गावच्या अंगणवाडीतला त्याचा आहार मागे राहतो. डाळ, अंडं, शेंगदाणे त्याला फडावरच्या कोपीतही मिळायला हवेत, आणि वजनाची नोंद ठेवणारी ताईही तिथे हवी.