तक्रार नोंदवायची होती

'शेतकऱ्याशी संपर्क होऊ न शकल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे.' हा मेसेज माझ्याच मोबाइलवर आला. त्याला बरेच महिने झाले, पण मी तो पुसलेला नाही. ज्या नंबरवर मेसेज पोचतो त्या नंबरवर फोन कसा पोचत नाही, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आमची जमीन पारनेर तालुक्यात, पठारावर. विहिरीवर विजेची मोटर होती आणि शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्री पाणी धरायला जाणं म्हणजे काय, हे आमच्या जिल्ह्यात वेगळं सांगावं लागत नाही. बिबट्या आता उसापुरता राहिलेला नाही. 2024 साली 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आली. खुल्या गटातल्या शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच. आमचं क्षेत्र अडीच एकराच्या वर आणि पाचाच्या आत, म्हणून 5 एचपीचा पंप बसला. दिवसा पाणी मिळायला लागलं. पाच वर्षं दुरुस्ती पंप पुरवणाऱ्या कंपनीने करायची, अशी हमी. योजनेविरुद्ध माझं काहीही म्हणणं नाही. आमच्या घराची झोप या पंपाने परत आणली.

गावरान कांद्याची लागण उरकून रोपं नुकतीच धरली होती, तेव्हा पंप थांबला. ऊन लख्ख, प्लेटा पुसलेल्या, विहिरीत पाणी, आणि कंट्रोलरवर लाल दिवा. कंपनीच्या नंबरावर फोन केला तर टेपवरच्या बाईने सांगितलं, तक्रार साईटवर नोंदवा.

साईटवर मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी यायची वाट बघायची, मग फॉर्म उघडतो. लाभार्थी क्रमांक. मोटरचा नंबर. कंट्रोलरचा नंबर, जो डब्याच्या खालच्या अंगाला बारीक अक्षरात चिकटवलेला असतो. तो वाचायला मान वाकडी करून प्लेटांखाली बसावं लागतं. मग जिल्हा निवडायचा. आपल्या जिल्ह्याचं नाव 2024 च्या ऑक्टोबरात बदललं, म्हणून मी अहिल्यानगर शोधत बसलो. ते यादीत नव्हतंच, जुनं नाव होतं. मग तालुका, गाव, गट नंबर. नंतर फोटो: प्लेटांचा, कंट्रोलरचा, नंबराच्या पट्टीचा, सातबाऱ्याचा. विहिरीवर रेंज एखादी काडी. फोटो चढताना ते गोल चक्र फिरत राहतं. शेवटी 'बिघाडाचे वर्णन करा'. मी नीट विचार करून लिहिलं, दिवा कधी लागला, आधी काय झालं होतं. 'सबमिट' दाबलं.

'तुमचे सत्र समाप्त झाले आहे. कृपया पुन्हा लॉगिन करा.'

पुन्हा लॉगिन केलं तर फॉर्म कोरा. माझं नावसुद्धा नाही. पुन्हा ओटीपी, पुन्हा पट्टीचा नंबर, पुन्हा फोटो, आणि पुन्हा तोच मेसेज. बायको वाफ्यात उभी राहून विचारत होती, "झाली का हो तक्रार?" एकदा सगळं भरून झालं आणि फोटो चढता चढता बाहेर काढलं. एकदा तर पहिलंच पान उघडलं आणि दुसऱ्यावर जाताच बाहेर. दिवस असे गेले आणि वाफ्यांना भेगा पडायला लागल्या.

भाचा पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला रात्री फोन केला. तो म्हणाला, "मामा, तुम्ही तिथं बसून टाईप करताय हे सर्व्हरला कळतच नाही. बटण दाबेपर्यंत त्याच्या लेखी तुम्ही गप्प आहात. तिकडं घड्याळ चालू असतं, ठरलेली मिनिटं झाली की तो ओळख विसरतो." वेब मुळात प्रत्येक मागणी नवी समजतं, माणूस तोच आहे हे लक्षात राहावं म्हणून 1994 साली नेटस्केपच्या लू माँतुलीने कुकी काढली, हेही त्यानेच सांगितलं. साईटमागे सर्व्हर एकाहून जास्त असले आणि आपली ओळख एकाकडेच ठेवलेली असली, तर दुसऱ्याकडे गेल्याबरोबर आपण परके. काही साईटी तर मोबाइलचा इंटरनेटवरचा पत्ता बदलला तरी बाहेर काढतात, आणि रेंज येत-जात असली की तो पत्ता बदलू शकतो.

मी म्हटलं, मग हे घड्याळ ठेवतातच कशाला? काढून टाका.

पण दोन दिवसांनी मीच बाजारच्या गावातल्या सेवा केंद्रात गेलो. केंद्रातल्या पोराने साईट उघडली तर आधीच्या कुठल्या तरी शेतकऱ्याचं खातं तसंच उघडं. त्याचं आधार, बँकेच्या पासबुकाचा फोटो, सगळं समोर. पोराने घाईने बंद केलं. तेव्हा पटलं, घड्याळ हवंच. त्या माणसाच्या जागी मी असतो तर?

तरी माझा राग गेला नाही, त्याची जागा बदलली. वेळ संपण्याआधी सांगता येत नाही का? भाच्याने दाखवलं, वेबसाईट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून जे जागतिक निकष आहेत, त्यांत 2008 पासून हे लिहिलेलं आहे: आधी सूचना द्या, किमान 20 सेकंद द्या, एखादं साधं बटण दाबून वेळ वाढवू द्या, तेही निदान दहा वेळा. भारत सरकारच्या साईटींसाठीची मार्गदर्शक तत्त्वंही याच निकषांवर बेतलेली आहेत. कंपनी खाजगी आहे, तिला ती लागू नसतील. पण पंपाचा बहुतेक पैसा सरकारी अनुदानाचा आहे. टेंडरमध्ये प्लेटेची जाडी आणि मोटरची ताकद लिहितात, तशी तक्रारीच्या फॉर्मचीही अट लिहावी. भरलेलं पुसलं जाऊ नये, एवढं लिहिलं तरी पुष्कळ.

आणि मुख्य गोष्ट तर पुढेच आहे. कंट्रोलरमध्ये एक सिमकार्ड असतं. पंप किती चालला, किती वीज तयार झाली, ही माहिती त्यावरून आपोआप कंपनीच्या सर्व्हरला जाते. त्याला रिमोट मॉनिटरिंग म्हणतात. म्हणजे माझा पंप बंद पडल्याचं कंपनीला माझ्याआधी कळायला हवं. तो डबा त्यांच्याशी जोडलेला राहतो, त्याला कुणी ओटीपी विचारत नाही. मग शेतकऱ्याने त्याच डब्याचा नंबर पट्टीवरून वाचून पुन्हा पुन्हा का टाकायचा?

केंद्रातून तक्रार एकदाची नोंदली गेली. फोन उशाशी ठेवून झोपत होतो. फोन आला नाही, वर लिहिलेला मेसेज आला.

शेवटी शेजारच्या गावातल्या एका तरुणाने फिटरचा नंबर दिला. फिटर मोटारसायकलवर आला, कंट्रोलरमधलं सर्किटचं कार्ड बदललं, अर्ध्या तासात पाणी सुरू. जाताना म्हणाला, "काका, डायरेक्ट फोन करायचा ना. साईटवर कोण बघतंय." कांदा निघाला, पण त्या तुकड्यात गोल्टीच जास्त निघाली.

पंप पडला की लोक आता मला विचारायला येतात. तक्रारी साईटवर नोंदल्या नाहीत तर कंपनीच्या कागदावर सगळे पंप चालूच दिसणार, हे मला कळतं. लेखी नोंद हवी, असं मी वर्षानुवर्षं गावात सांगत आलोय. तरी साईटचा पत्ता न देता मी त्यांना फिटरचा नंबर देतो.