शेंदरी पराग

महाशिवरात्रीच्या पहाटे आईची परडी भरलेली असते. बेल, रुईची फुलं, पांढरी कण्हेर आणि धोत्र्याचं काटेरी बोंड. परमेश्वराच्या यात्रेनं आमचं हिमायतनगर त्या दिवसांत फुलून जातं. जुनी माणसं गावाला अजून वाढोणाच म्हणतात. बेल सोडला तर त्या परडीत सगळं विषच. आजीला ते पक्कं ठाऊक होतं. "देवानं पचवावं ते, लेकरा. आपण हात धुवावं," म्हणायची आणि परडीशी घुटमळणाऱ्या मांजराला पदरानं हाकलायची.

आमच्याकडे विषाची ओळख अशी घरातल्या घरात होते. ज्वारीचे कोवळे पोंगे खाल्ले की ढोराला किराळ लागते, हे गुराख्याच्या पोरालाही माहीत. बिट्टीच्या बिया लेकरांच्या हातात दिसल्या की रस्त्यानं जाणारी बाईसुद्धा ओरडते. अळूनं घसा खाजतो म्हणून फतफद्यात चिंच पडतेच. घसा खाजवणारे ते कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक मनी प्लांटच्या आणि डंबकेनच्या पानांतही असतात. मांजरानं पान चावलं की जीभ सुजते, लाळ गळते, बिचारं पंजानं तोंड पुसत बसतं. पण मनी प्लांट बाटलीत बसून टीव्हीशेजारी आला, सायकस नव्या बंगल्याच्या दारात उभा राहिला, तेव्हा त्यांच्याबद्दल सांगणारी आजी कुठल्याच घरात नव्हती. सायकसची बी तर मांजराचं यकृतच निकामी करते.

आमची मांजर चांदी गेली ती मात्र एका गुच्छानं.

बाबांच्या निवृत्तीच्या समारंभात मिळालेला तो गुच्छ. मधोमध तीन मोठ्या गुलाबी लिली. असलं फूल आमच्या घरात पहिल्यांदाच येत होतं. पहिल्या पावसानंतर अंगणात उगवते त्या नाजूक गुलाबी फुलालाही आम्ही लिलीच म्हणतो. तिचाही कांदा विषारीच, पण ती निराळी. गुच्छातली खरी लिली. आईनं ती तांब्यात घालून ओट्यावर ठेवली. संध्याकाळी चांदी तिथून उतरली तेव्हा तिच्या पांढऱ्याशुभ्र नाकावर, मिशांवर, छातीवर शेंदरी भुकटी लागली होती. "बघ, देवीनं मळवट भरला हिचा," आई कौतुकानं म्हणाली. चांदी उंबऱ्यावर बसली आणि तिनं अंग चाटायला घेतलं. आधी पंजा ओला करायचा, तो कानामागून नाकापर्यंत फिरवायचा, पुन्हा चाटायचा. सगळं मन लावून. पाच मिनिटांत ती पहिल्यासारखी पांढरी झाली. आम्ही बघत होतो.

रात्री तिनं ओकारी काढली. सकाळी दुधाला तोंड लावलं नाही. दुपारी जरा बरी वाटली, म्हणून आम्ही निश्चिंत झालो. लिलीच्या विषाची हीच रीत आहे, हे मला नंतर कळलं. पहिली ओकारी थांबते, जनावर सावरल्यासारखं दिसतं आणि आतून मूत्रपिंडं बंद पडत जातात. पान, पाकळी, पराग, तांब्यातलं पाणीसुद्धा मांजराला पुरतं. कुत्र्याला त्याच फुलानं फार तर पोट बिघडतं. मांजर वाचतं ते पहिल्या काही तासांत सलाईन लागलं तर. अठरा तास उलटले की आशा कमी होत जाते. दुसऱ्या दिवशी आम्ही नांदेडची गाडी धरली. उदगीर-परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, नांदेडला डॉक्टर आहेत, पण आमचे तास घरीच सरले होते. तिसऱ्या दिवशी चांदी माझ्या मांडीवर गेली.

तेव्हापासून मी मांजराच्या तोंडापेक्षा त्याच्या अंगाकडे जास्त बघतो. मांजर विष खायला फारसं जात नाही. कडू पान ते हुंगून सोडतंही. पण अंगावर जे पडेल ते त्याच्या पोटात जाणारच, कारण त्याला स्वच्छ राहायचं असतं. कुत्र्याच्या अंगावर टाकायच्या गोचिडांच्या औषधाचं तेच. त्यात परमेथ्रिन असेल तर मांजराला झटके येतात, जीवही जातो. मांजराचं यकृत आपल्यासारखं नाही. काही रसायनं मोडून बाहेर टाकण्याची सोय त्याच्यात फार तोकडी आहे. तापावर आपण सहज घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते. माणसाला चालतं ते याला चालेल, हा हिशेब इथं लागू नाही.

आता घरात चिंगी आहे. मनी प्लांट आम्ही बहिणीकडे दिला. तिच्याकडे मांजर नाही. कुंडीत मोगरा आणि गुलाब आहे. मांजराला हिरवं चावायची हौस असतेच, म्हणून आईनं एका परळात माती घालून गहू पेरलेत, घटाला पेरतो तसे. बोटभर वाढले की चिंगी मान वाकडी करून, दाढेखाली धरून एकेक पातं तोडते. परळ रिकामं झालं की आई पुन्हा पेरते. लग्नाकार्यातला गुच्छ घरात येऊ देत नाही. समजावून परत करते आणि समजत नसेल त्याला चांदीची गोष्ट सांगते.

यंदाच्या शिवरात्रीला ती देवळातून परतली, तेव्हा चिंगी दारात पायांत घोटाळत होती. "थांब माय, थांब," म्हणत आईनं रिकामी परडी उंच खुंटीला अडकवली, पदर झटकला, न्हाणीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. मग खाली बसून तिनं मांडी थोपटली.