दात्याची पाटी

पैसा आणि प्रसिद्धी यांच्यापासून जो जितका लांब, तितका तो शहाणा, असा माझा कित्येक वर्षं ठाम समज होता. देणगीदाराचं नाव कोरलेली पाटी दिसली की कपाळाला आठी पडायची. आमच्या वाचनालयाला एका व्यापाऱ्याने सभागृह बांधून द्यायची तयारी दाखवली. अट एकच, वडिलांचं नाव द्यायचं. बैठकीत मीच तावातावाने विरोध केला. प्रस्ताव बारगळला, आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

या समजाला तडा दिला तो धोंडो केशव कर्व्यांनी. गंमत म्हणजे, त्यांना मी माझ्याच बाजूचे साक्षीदार मानत होतो : फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे, हिंगण्याच्या आश्रमापर्यंत पायपीट करणारे, अंगाला पैसा लावून न घेणारे. मग जरा नीट वाचलं. 1916 साली त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. 1920 साली विठ्ठलदास ठाकरसींनी 15 लाख रुपये देऊ केले, आपल्या आईचं नाव विद्यापीठाला द्यावं या अटीवर. कर्व्यांनी अट मान्य केली. तेच आपलं एसएनडीटी.

आधी मला रागच आला. माझ्या साधूने माझ्याच व्यापाऱ्याची अट स्वीकारली होती! पुढे वाचलं की सत्तरी ओलांडल्यावर हा माणूस युरोप, अमेरिका, जपान आणि नंतर आफ्रिकेत हिंडला, संस्थेसाठी हात पसरत. नकार किती पचवले असतील? लाज वाटली नसेल? की लाज वाटूनही पुढच्या दाराशी गेले असतील?

इथे मी बराच काळ अडकलो, कारण प्रश्न उलटून माझ्याकडे आला. मी कधी कुणाकडे कशासाठी पैसे मागितले नव्हते आणि त्यालाच निःस्पृहता म्हणत होतो. खरं तर मला नकाराची भीती होती. कर्व्यांना मुली शिकायला हव्या होत्या. मला मी चांगला दिसायला हवा होतो. माझ्या तत्त्वाची किंमतही मी मोजली नव्हती, वाचनालयात येणाऱ्या पोरांनी मोजली.

कर्व्यांना देव्हाऱ्यात मात्र बसवलेलं नाही. त्यांच्या त्यागाचा भार घरावर किती पडला, ते त्यांच्या पत्नी बाया कर्व्यांचं ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र वाचलं की कळतं. पाट्याही आजही खटकतात, विशेषतः दात्याचं नाव संस्थेच्या नावाहून ठळक असलं की. फक्त आता पाटी वाचून मी परत फिरत नाही. आत जाऊन वर्ग भरलेत का, नळाला पाणी आहे का, ते बघतो.