घरातला परदेश

मिशनरी जोडपं म्हटलं की डोळ्यांसमोर बोटीतून उतरणारे साहेब-मडम येतात. आम्हा कॅथलिकांकडे तर फादर नि सिस्टर. नवरा-बायकोचा संसार त्यात नाहीच. म्हणून 'स्मृतिचित्रे' वाचताना मी लक्ष्मीबाई टिळकांपाशी थांबले. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधे ताटातूट झाली; पुन्हा एकत्र आल्यावरही बाईंचं सोवळं लगेच सुटलं नाही. भाषा मराठीच, नवराही तोच. पण कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, हा प्रश्न समुद्राहून रुंद. तो त्यांनी स्वतः विचार करून ओलांडला. मगच त्या टिळकांच्या कामात मनापासून उतरल्या.

आमच्या मंठाळात मराठी, कन्नड, उर्दू एकाच चहाच्या टपरीवर चालतात. भाषा बदलायला क्षणही लागत नाही. जवळच बसवकल्याण. १२ व्या शतकात बसवण्णांनी तिथंच जातिभेदाला आव्हान दिलं. तरी आजीच्या फडताळात गड्यांसाठीचा वेगळा पेला अजून आहे.

सुट्टीत घरी गेले की मी त्याच पेल्यातून पाणी पिते. आजी बघते, बोलत काहीच नाही. लक्ष्मीबाईंनाही पाच वर्षं लागली होती.