सळसळ आणि संगत

घरीं यंत्र जोडणाऱ्या माणसाकडे आपल्या समाजांत दोनच दृष्टींनीं पाहिलें जातें. यंत्र चाललें तर तो काटकसरी ठरतो, न चाललें तर रिकामटेकडा. तिसरीही एक शक्यता आहे. ती ही कीं, आपल्याला हवी असलेली वस्तु नेमकी कशी असावी हें समजून घेण्यास त्याला दुसरा उपायच नसतो. तबकड्या ऐकण्यासाठीं लागणारा प्रीअ‍ॅम्प्लिफायर घरीं जोडण्याचा उद्योग आम्हीं नागपुरास आरंभिला तो या तिसऱ्या वर्गांतला होता, असें निदान आमचें मत आहे.

या उद्योगाचें प्रयोजन म्हणजे आमच्या आत्याबाई. त्यांनीं पंचाऐशी ओलांडली आहे. त्यांच्या भावानें, म्हणजे आमच्या वडिलांनीं, घेतलेल्या तबकड्या महालांतील जुन्या घरांतून त्यांच्याकडे आल्या. त्यांत वसंतराव देशपांड्यांची एक लाँगप्ले तबकडी आहे. वसंतराव मूळचे मूर्तिजापूरचे, पण त्यांचें गाण्याचें आरंभीचें शिक्षण येथें शंकरराव सप्रे यांच्यापाशीं झालें. त्यामुळें जुन्या नागपूरकरांस ते घरचेच वाटतात. ती तबकडी लावली कीं आत्याबाई डोळे मिटून बसत आणि थोड्या वेळानें म्हणत, “गाणं आहे रे, पण तंबोरा कुठे गेला?” तरुण मंडळींनीं तेंच गाणें मोबाइलवर स्वच्छ ऐकवूं म्हणून पाहिलें, आत्याबाईंनीं मान हलविली. त्यांना तें गाणें भावाच्या तबकडींतलें हवें होतें. त्यांच्या कानांची मुदत आतां फार नाहीं हें त्यांना आणि आम्हांलाही ठाऊक होतें. तेव्हां काम पुढें ढकलण्यासारखें नव्हतें.

तंबोरा कोठें जातो हें कळण्यास तबकडींतून मुळांत किती निघतें तें पाहिलें पाहिजे. चुंबकी पिकअपची सुई खोबणींतून जातांना तारेच्या वेटोळ्यांत सुमारें ५ मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टाचा दोनशेवा भाग, एवढाच दाब उत्पन्न होतो. शिवाय तबकडी कोरतांना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि टीप मुद्दाम चढविलेली असते. तसें न केल्यास खर्जाच्या रुंद लाटा शेजारच्या खोबणींत शिरतील. यासाठीं अमेरिकेंतील ध्वनिमुद्रण-व्यवसायाच्या संघानें १९५४ सालीं एक प्रमाण ठरविलें आणि पुढें तें सर्वत्र रूढ झालें. प्रीअ‍ॅम्प्लिफायरनें हा क्रम उलट करावयाचा असतो. हजार कंपनांच्या स्वराच्या मानानें ५० कंपनांचा स्वर त्याला सुमारें सात पट अधिक वाढवावा लागतो आणि टीप उतरवावी लागते. अशा नाजुक पाहुण्याच्या स्वागतास पहिल्या पायरीवर जो आगंतुक आवाज मिसळेल तो पुढच्या सर्व पायऱ्या इमानानें मोठा करून सांगतात. म्हणून सुटे भाग निवडण्याची मुख्य काळजी पहिल्या पायरीपाशींच घ्यावी लागते.

हा आगंतुक आवाज दोन प्रकारचा असतो: एक सळसळ, दुसरी गुणगुण. सळसळीचें एक मूळ उष्णतेंत आहे. कोणत्याही रेझिस्टरांतील विद्युत्कण उष्णतेमुळें सदैव चुळबुळत असतात आणि त्या चुळबुळीचा सूक्ष्म दाब त्याच्या टोकांवर उमटतो. बेल प्रयोगशाळेंतील जॉन्सन यांनीं तो मोजला, नायक्विस्ट यांनीं त्याचें गणित मांडलें. दोघांचेही लेख १९२८ सालचे. हें वाचून आमच्या एका स्नेह्यांनीं निदान केलें कीं, नागपुरांत शांत यंत्र होणेंच अशक्य. सुदैवानें गणित इतकें निर्दय नाहीं. मे महिन्यांतले ४६ अंश आणि जानेवारींतले १० अंश यांत आपल्याला जमीनअस्मानाचें अंतर वाटतें. पण निरपेक्ष शून्यापासून मोजल्यास हे आंकडे ३१९ आणि २८३ असे येतात, आणि हा दाब तापमानाच्या वर्गमूळाच्या प्रमाणांत वाढतो. म्हणजे रेझिस्टरची उन्हाळ्यांतली सळसळ हिवाळ्यापेक्षां शेंकडा सहानेंच अधिक. तेवढी कानांस कळतही नाहीं.

वर्गमूळाचा हाच नियम निवडीस उपयोगी पडतो. रेझिस्टर दहापट मोठा घेतला कीं त्याची सळसळ तिपटीहून थोडी अधिक होते. म्हणून पहिल्या पायरीच्या फीडबॅकमध्यें २२०० ओहमऐवजीं २२० ओहमचा रेझिस्टर घ्यावा. तो कार्बनचा नसावा, धातूच्या पातळ थराचा असावा. कारण कार्बनच्या रेझिस्टरांतून प्रवाह जाऊं लागला कीं तो उष्णतेच्या हिशेबाबाहेरची खरखर आपल्या पदरची घालतो.

खरी परीक्षा आयसी निवडतांना होते. माहितीपत्रकें चाळल्यास एडी ७९७ हें स्थळ सर्वांत खानदानी दिसतें. त्याचा स्वतःचा दाबाचा गोंगाट जुन्या एनई ५५३४ च्या चौथाईच्या आसपास आहे. परंतु प्रत्येक आयसीला प्रवाहाचाही गोंगाट असतो, आणि तो समोरच्या पिकअपच्या रोधांतून जाऊन दाबाचें रूप घेतो. चुंबकी पिकअपचें वेटोळें अर्ध्या हेन्रीच्या घरांतलें असतें. दहा हजार कंपनांना त्याचा रोध सुमारें ३० हजार ओहम होतो. एडी ७९७ चा प्रवाहाचा गोंगाट ५५३४ च्या पांचपट, त्यामुळें या वेटोळ्यापुढें तो महागडा आयसी अधिक सळसळतो. अल्प रोधाच्या वेटोळ्यापाशीं तोच शोभला असता. पत्रिका एकट्याची पाहून लग्न जुळत नाहीं, हें आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होतेंच. आम्हीं ५५३४ घेतला. बाजारांतून आणलेल्या दोघां-तिघांपैकीं एकावर नांव ५५३४ चें आणि आंत कोणी भलताच निघाला. पिकअपच्या जागीं तार जोडून कान लावतांच तो ओळखूं आला.

इतकें झाल्यावर आमच्या कानांना सळसळ जवळजवळ ऐकूं येईना. आत्याबाईंना मात्र ती पूर्वीही ऐकूं येत नसावी. सळसळ कानाला जाणवते ती मुख्यतः उंच स्वरांत, आणि म्हातारपणीं ऐकण्यांतून प्रथम जातात ते तेच स्वर. त्यांचा तंबोरा हरवला होता तो गुणगुणींत. काळी एकमध्यें लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारें ७० कंपनांचा असतो. घरांतील विजेची गुणगुण ५० ची, आणि वीज एकदिश करतांना निघणारी १०० ची. बिचारा खर्ज या दोघींच्या मध्यें सांपडलेला, आणि यंत्र तर खर्जाचा सारा प्रदेशच वाढविणारें. म्हणून ट्रान्सफॉर्मर वेगळ्या डब्यांत घालून दोन हात दूर ठेवला, जमिनीच्या सर्व तारा एकाच बिंदूला आणल्या, आणि पिकअपची तार कूलरच्या मोटरीपासून लांब नेली. या कामांत किंमतीचा भाग एकही नव्हता; तंबोरा आला तो यामुळें. आत्याबाई म्हणाल्या, “हां, आतां बसला गवई.”

सुट्या भागांचे गुण त्यांच्या अंगीं असतात, पण शांतता त्यांच्या संगतींत असते. पिकअप कोणता, खोली कोणती, आणि ऐकणारें माणूस कोण, हें ठरल्यावांचून उत्तम भाग कोणता या प्रश्नाला अर्थ नाहीं. आतां तबकडीची स्वतःची खरखर तेवढी उरली आहे, आणि यंत्राची सळसळ तिच्याखालीं गेली आहे. आमच्या मतें भाग बदलण्याचें काम येथें थांबवावें. यापुढें पैसा खर्चण्यासारखी वस्तु एकच राहते, ती म्हणजे तबकडी पुसण्याचा एक चांगला मऊ ब्रश.