सह्याद्रीच्या मातीखालचे साप

वर्षावनातील सापांचा विचार करताना अरण्याच्या विस्ताराइतकीच त्याची उभी रचनाही महत्त्वाची ठरते. कारण वृक्षांचे शेंडे, झुडपे, पालापाचोळा आणि माती या प्रत्येक थरात प्रकाश, ओलावा व भक्ष्य निराळे असल्याने तेथील सापांची शरीरेही निराळी घडली आहेत. आंबोलीपासून आगुंबेपर्यंतच्या सदाहरित पट्ट्यात हे थरवार वैविध्य चांगले दिसते.

वरच्या थरात उडता सोनसर्प बरगड्या फाकवून अंग चपटे करतो आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे तरंगत जातो. हरणटोळाच्या डोळ्यांतील बाहुली आडवी असून डोळ्यांपुढे मुस्कटावर खोबणी असतात, त्यामुळे दोन्ही डोळ्यांनी एकाच वेळी समोर पाहून त्याला भक्ष्याचे अंतर अजमावता येते. त्याच्या खाली, ओढ्याकाठच्या झुडपांत, मलबारी चापडा रात्री बेडकांची वाट पाहत निश्चल बसलेला असतो. त्याच्या डोळा आणि नाकपुडी यांच्यामधील खळगीत ताणलेला पातळ पडदा भक्ष्याच्या अंगची उष्णता टिपतो, आणि ही संवेदना मेंदूच्या दृष्टीशी संबंधित भागात पोहोचत असल्याने उंदरासारखा उष्ण रक्ताचा प्राणी त्याला अंधारातही हेरता येतो. जमिनीवर नागराजाची मादी पालापाचोळा गोळा करून अंड्यांसाठी घरटे रचते. पश्चिम घाटातील हा नागराज स्वतंत्र प्रजातीचा असल्याचे २०२४ मध्ये मांडले गेले.

मात्र सह्याद्रीचे खरे वेगळेपण मातीखाली आहे. खापरखवल्या या नावाने ओळखले जाणारे बिनविषारी साप ज्या कुळात मोडतात, ते युरोपेल्टिडे कुळ जगात फक्त भारतीय द्वीपकल्प आणि श्रीलंका येथेच आढळते, आणि त्याच्या पन्नासहून अधिक प्रजाती ज्ञात आहेत. निमुळते डोके, बारीक डोळे आणि तुकतुकीत, प्रकाशात सप्तरंगी झळकणारे खवले ही त्यांची लक्षणे होत. बीळ खोदताना मानेजवळचा पाठीचा कणा त्वचेच्या आतल्या आत नागमोडी वळतो, त्यामुळे शरीराचा तो भाग फुगून बिळाच्या भिंतींवर घट्ट टेकतो, आणि मग कणा सरळ होताच डोके पाचरीसारखे पुढे घुसते. कार्ल गॅन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले, की या कष्टाचा भार वाहणाऱ्या पुढच्या भागातील स्नायूंत प्राणवायू साठवणारे मायोग्लोबिन हे प्रथिन मुबलक असते, तर मागचा भाग जवळजवळ ओढत नेला जातो. बऱ्याच प्रजातींत शेपटीचे टोक तिरपे कापल्यासारखे व खरखरीत असते. त्यावर साचलेल्या मातीचे बूच बिळाचे तोंड बंद करण्यास उपयोगी पडते. गांडुळे हे त्यांचे मुख्य अन्न असून ते अंडी न घालता पिल्लांना जन्म देतात.

अशा जीवनपद्धतीमुळे खापरखवल्या फार दूर जाऊ शकत नाही. उष्ण, कोरडी दरी किंवा मोकळा माळ त्याला अडवतो, आणि एकमेकांपासून तुटलेल्या डोंगरांवर दीर्घकाळात वेगवेगळ्या प्रजाती निर्माण होतात. त्यांतील अनेक प्रजातींचा वावर अगदी मोजक्या डोंगरांपुरता आहे. सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरे यांचे नाव दिलेली ‘मेलॅनोफिडियम खैरेई’ ही प्रजाती २०१६ पर्यंत दुसऱ्याच प्रजातीत गणली जात होती, यावरून मातीखालची ही नोंद अजून किती अपुरी आहे हे कळते.

म्हणून सदाहरित अरण्याचे मोल ठरवताना वाघ, नागराज आणि उंच वृक्ष यांच्याबरोबर सावलीतील ओलसर मातीचाही हिशेब धरला पाहिजे. एका डोंगराची राई तोडून दुसरीकडे झाडे लावल्याने नागराज कदाचित टिकेल, खापरखवल्या टिकणार नाही. पावसाळ्यात हे साप जमिनीवर येतात आणि घाटरस्त्यांवर वाहनांखाली किंवा काठीखाली मरतात. ते माणसाला कोणताही अपाय करीत नाहीत. तेव्हा असा साप दिसल्यास वाहन थांबवून त्याला रस्ता ओलांडू द्यावा.